कॉट बेसिस आणि धर्मराज

जून महिना लागला की पुण्यात दोन गोष्टींची वाट पाहणं सुरू होतं. एक पावसाची आणि दुसरी कॉटची. त्यातल्या पावसाचं एक बरं असतं. तो दाराशी आला की त्याला कोणी 'आडनाव काय?' म्हणून विचारत नाही.

पुण्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं की 'कॉट बेसिस' ही राहण्याची एक स्वतंत्र अवस्था आहे. खोली भाड्याने घेणं म्हणजे चार भिंती भाड्याने घेणं. कॉट बेसिसवर राहणं म्हणजे सहा फूट लांब आणि अडीच फूट रुंद एवढी जमीन भाड्याने घेणं, आणि तीही जमिनीपासून दीड फूट वर. कॉटच्या खाली बॅग, कॉटच्या वर आपण आणि भिंतीवर एक खिळा. खिळ्याचे पैसे वेगळे घेत नाहीत, पण दुसरा खिळा ठोकायचा नाही.

मी बँकेत कारकून आहे. हल्ली आम्हाला 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' म्हणतात, त्यामुळे माझी कुठेतरी लांब बदली झाली आहे असा आमच्या आईचा समज आहे. तर यंदा सांगलीहून आमच्या ताईचा मुलगा बी. कॉम.ला पुण्यात आला. त्याच्याबरोबर त्याचा एक मित्र. दोघं पाचवीपासून एका बाकावर बसलेले. बारावीला मित्राला भाच्यापेक्षा सहा टक्के जास्त, त्यामुळे ताईच्या मते संगत चांगली. दोघांना मिळून एक खोली, दोन कॉट, असा बेत होता आणि जागा शोधायला स्थानिक मामा म्हणून माझी नेमणूक झाली.

भाच्याला घरी ठेवून घ्यायचं सोडून कॉट कसली शोधता, असं आता तुम्ही म्हणाल. आमच्या वन बीएचकेत मी, आमची ही, आई आणि दोन मुलं असे पाच जण राहतो. रात्री पाणी प्यायला उठायचं तर आधी ठराव मांडावा लागतो. शिवाय भाच्यानेच मला सांगितलं, "मामा, तुमच्याकडं राहिलो तर आई तुम्हाला रोज फोन करणार, आणि तुम्ही तिला खरं काय ते सांगणार."

मुद्दा पटण्यासारखा होता.

तीन दिवस आम्ही तिघं पेठांमधून हिंडलो. पाट्यांविषयी मी काही लिहीत नाही, कारण पुण्याच्या पाट्यांवर इतकं लिहून झालं आहे की आता पाट्या ते वाचून तयार होत असाव्यात. एकच सांगतो. एका दारावर 'फक्त नोकरी करणाऱ्या शाकाहारी विद्यार्थिनींसाठी' असं होतं. नोकरी करणारी विद्यार्थिनी मिळेल, शाकाहारीही मिळेल, पण घरमालकांना ती बहुधा कॉलेजात न जाणारी हवी होती. दुसऱ्या ठिकाणी नियमांचा तक्ताच टांगला होता. त्यातला सतरावा नियम 'नियम वाचत दारात उभे राहू नये' असा होता.

चौथ्या दिवशी नारायण पेठेत एका काकूंचं घर मिळालं. सत्तरीच्या आसपासच्या, एकट्या, मुलगा ह्यूस्टनला. मागची खोली प्रशस्त, दोन कॉट, खिडकीत जास्वंद. दर कॉटला साडेचार हजार आणि दोन महिन्यांचं डिपॉझिट. काकूंनी आम्हाला बसवलं, लिंबाचं सरबत दिलं आणि चौकशीला सुरुवात केली. गाव कोणतं, वडील काय करतात, शेती किती, बागायत की जिरायत, बहीण कुठे दिली, रात्री कितीला येणार, मोबाइलवर मोठ्याने बोलता का, आंघोळीला बादल्या किती लागतात. आमची बँक घरासाठी पस्तीस लाख रुपये देते तेव्हासुद्धा बादल्या विचारत नाही.

पण घाईने काकूंना हसू नका. बँकेचे पस्तीस लाख माझे नसतात. काकूंची मोरी मात्र काकूंचीच असते. शिवाय त्यांच्या प्रश्नांना इतिहास आहे. काकूंच्या सासऱ्यांनी पानशेतच्या पुरानंतर, म्हणजे १९६१ साली, माडीवरच्या दोन खोल्या एका गृहस्थांना 'महिनाभरासाठी' दिल्या. ते गृहस्थ तिथून निघाले ते थेट वैकुंठालाच, आणि त्यांचे चिरंजीव अजून माडीवर आहेत. भाडं बासष्ट रुपये. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठवली ती गोठवलीच. मग १९७३ साली त्यात दुरुस्ती झाली आणि त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला जे लोक 'लीव्ह अँड लायसन्स'वर राहत होते, ते झोपेतून उठले ते भाडेकरू होऊनच उठले. ही धास्ती अनेक घरमालकांनी पुढच्या पिढीला दागिन्यांसारखी वारसाहक्काने दिली. पुढे १९९९ चा नवा कायदा आला. त्याचं ५५ वं कलम सांगतं की करार लेखी हवा, नोंदवलेला हवा आणि ही जबाबदारी मालकाची. तो नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू अटींबद्दल म्हणेल ते खरं. म्हणजे दोघांत खरं कोण बोलतो, हा जो प्रश्न मोठमोठ्या तत्त्वज्ञांना सुटला नाही, तो आपल्या विधिमंडळाने एका कलमात सोडवला. आता ज्या घरात सहा दशकं वरच्या मजल्यावरून परक्यांची पावलं ऐकू येतात, त्या घरातल्या बाईने बादल्या मोजल्या तर नवल नाही.

शेवटी काकूंनी भाच्याकडे रोखून पाहिलं आणि एकच शब्द उच्चारला.

"अंडं?"

त्याच दिवशी सकाळी स्वारगेटला माझ्या डोळ्यांदेखत या मुलाने दोन प्लेट भुर्जी-पाव खाल्लेला. पैसे मीच दिलेले. भाच्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा जास्वंदीकडे पाहिलं आणि म्हणाला, "नाही."

आता इथे नीतीचा प्रश्न उभा राहतो. कॉटसाठी बोललेलं खोटं हे खोटं धरायचं का?

शाळेत आपल्याला धर्मराजाची गोष्ट सांगतात. त्याने द्रोणाचार्यांना अर्धवट खरं सांगितलं आणि जमिनीपासून चार बोटं वरून चालणारा त्याचा रथ खाली टेकला. पण हेच धर्मराज त्या आधी वर्षभर कॉट बेसिसवर राहिले होते, हे कोणी मुलांना सांगत नाही. विराटाच्या घरी सहा जणांनी सहा खोटी नावं सांगितली. धर्मराज 'कंक' झाला आणि राजाबरोबर द्यूत खेळणं हा आपला धंदा म्हणून सांगितला. या विषयातला त्याचा पूर्वानुभव लक्षात घेता हे धाडसच म्हणायचं. भीम स्वयंपाकी, अर्जुन नाचगाणं शिकवणारा, नकुल घोड्यांकडे, सहदेव गुरांकडे आणि द्रौपदी राणीची वेणीफणी करायला. शस्त्रं गावाबाहेर शमीच्या झाडावर, आणि कोणी तिकडे फिरकू नये म्हणून झाडाला एक प्रेत बांधून ठेवलेलं. सगळ्यांत कडी म्हणजे, आधी कुठे होतात असं विचारल्यावर 'युधिष्ठिराकडे होतो' असा दाखला खुद्द युधिष्ठिराने दिला! आमच्या बँकेत स्वतःच्या कर्जाला स्वतःच जामीन राहू देत नाहीत.

आणि या सगळ्याने रथ खाली आला का? मुळीच नाही. तेराव्या वर्षी तुम्हाला कोणी ओळखणार नाही असा वर त्यांना कोणी दिला होता? प्रत्यक्ष यमधर्माने. म्हणजे खोटं उघडकीला येणार नाही याची हमी धर्माच्याच सहीशिक्क्याने. व्यासांच्या मनात हिशेब स्पष्ट असावा. समोरच्याचा जीव घ्यायला बोललेलं खोटं वेगळ्या खात्यात आणि डोक्यावर छप्पर मिळावं म्हणून बोललेलं वेगळ्या खात्यात. अर्थात घरमालकाची बाजूही आहे. त्या वर्षात विराटाच्या मेहुण्याचं, कीचकाचं, काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. कीचक त्याच लायकीचा होता हे खरं, तरी ही गोष्ट कोणत्याही घरमालकाला ऐकवून बघा, तो म्हणेल, "बघा, म्हणूनच आधी चौकशी करावी."

असो. अंड्याचा अडथळा पार पडला. काकू प्रसन्न झाल्या. मग त्यांनी मित्राकडे मोर्चा वळवला. त्याला अंडं विचारलं नाही. आधी आडनाव विचारलं.

त्याने सांगितलं. सरळ, नेहमीच्या आवाजात, जसं शाळेत हजेरीला सांगत असेल तसं.

काकू क्षणभर गप्प झाल्या. त्यांनी सरबताचा ट्रे थोडा सरळ केला. मग म्हणाल्या, "अगोबाई, मी विसरलेच. ती दुसरी कॉट आत्ता सकाळीच गेली की हो. फोन आला होता."

आम्ही चौघंही त्या खोलीच्या दारातच बसलो होतो. दुसऱ्या कॉटवर जुनं धोतर पसरलेलं होतं आणि त्यावर पापड वाळत होते. सकाळी फोन करून कॉट घेणारे ते पापडच असावेत.

काकू भाच्याला म्हणाल्या, "तू ये हो एक तारखेपासून." मित्रालाही म्हणाल्या, "तूही चांगला अभ्यास कर हो बाळ." हे त्या मनापासून म्हणाल्या. त्यात लबाडी नव्हती, आणि मला जास्त त्रास त्याचाच झाला. मी काही बोलण्यासाठी तोंड उघडलं, पण भाचा आधीच उठला होता. दारात चपला घालता घालता तो वळला आणि म्हणाला, "काकू, मी अंडं खातो. मटण पण खातो. आज सकाळीच भुर्जी खाल्ली."

काकूंचा चेहरा उतरला. त्या माझ्याकडे वळल्या. "बघितलंत? मघाशी माझ्या तोंडावर नाही म्हणाला. मुलं अशी खोटं बोलतात, म्हणून तर विचारावं लागतं."

गेले दोन महिने मी या वाक्याशी झगडतो आहे. वाक्य बिनचूक आहे. मुलगा खरंच खोटं बोलला होता. पण मी कॉमर्सचा पदवीधर आहे आणि मला पहिल्या वर्षी शिकवलेली एकच गोष्ट अजून धड आठवते: प्रत्येक नोंदीला दोन बाजू असतात. एक खातं नावे पडलं की दुसरं कुठेतरी जमा दाखवावंच लागतं. भाच्याचं अंड्याचं खोटं त्याच्या नावे लिहा, माझी हरकत नाही. पण खरं बोलल्यावर कॉट मिळणार नाही ही सोय कोणी करून ठेवली? ती नोंद कुठल्या पानावर? आणि पापडांना कॉट दिल्याचं खोटं?

हे दुसरं खोटं मला जास्त विचार करायला लावतं. काकूंना खरं सांगता आलं असतं. घर त्यांचं, त्यांना कोणी अडवलं नव्हतं. पण खरं सांगायची त्यांना लाज वाटली. एके काळी हेच कोणी दारात उभं करून, मोठ्या आवाजात, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं असतं. आता फोन आला होता म्हणावं लागतं. या लाजेला प्रगती म्हणायचं की काय, हे मला ठरवता येत नाही. आमच्या हिचं म्हणणं असं, की ज्याला कॉट मिळाली नाही त्याला तुमच्या प्रगतीचं काय लोणचं घालायचंय? आमची ही हिशेबाला माझ्यापेक्षा पक्की आहे.

आणि गंमत बघा. त्या दिवशी काकूंच्या घरात आम्ही चौघं होतो. भाचा खोटं बोलला, काकू खोटं बोलल्या, मी भुर्जीचं बिल खिशात ठेवून गप्प होतो. खरं बोलला तो फक्त मित्र, आणि रिकाम्या हाताने गेला तोही तोच. खतावणी जुळली की हिशेब बरोबर, असं बाहेरच्या लोकांना वाटतं. आम्हाला ठाऊक असतं की रक्कम भलत्याच्या खात्यात टाकली तरी बेरजा जुळतात.

पुढच्या गल्लीत एजंट भेटला. त्याने सगळं ऐकलं आणि त्याला मुळीच आश्चर्य वाटलं नाही. "साहेब, पोराला आडनाव गाळायला सांगा. नाव आणि वडिलांचं नाव, बस्स. आपलं गिऱ्हाईक असंच बसवतो आपण. कराराच्या वेळचं मी बघतो." त्याने हे इतक्या मायेने सांगितलं, की एक महिन्याचं भाडं दलाली घेतो याचा क्षणभर विसर पडला. मी मित्राकडे पाहिलं. तो थोडा वेळ विचार करून म्हणाला, "नको मामा. कुणी हाक मारली की आधी आठवायचं काय, आपण इथं कोण आहे म्हणून?"

तो कॉमर्सचा विद्यार्थी आहे. तत्त्वज्ञान त्याला अभ्यासक्रमात नाही.

हे कोणी करून पाहिलंच नाही असं नाही. १९१७ साली कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनला शिकून आलेले आंबेडकर बडोदा संस्थानच्या नोकरीसाठी बडोद्याला गेले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत ते पारशी नाव सांगून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं जिना चढून आली आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगून गेली. गावात दुसरं कोणी घरात घेईना. ते एका बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. त्यांनी स्वतः हे लिहून ठेवलं आहे. ज्या संस्थानाने त्यांना परदेशी शिकायला पाठवलं, त्या संस्थानाच्या राजधानीत एक कॉट नव्हती.

आता धर्मराजाशी ताडून पाहा. पांडवांनी नावं बदलली ती एका वर्षापुरती. मुदत संपली की शमीवरून शस्त्रं काढायची आणि आपलं नाव मोठ्याने सांगायचं, हे ठरलेलं होतं. अंडं नाकारणारा भाचाही एक ताटली लपवत होता. रविवारी आमच्याकडे येऊन त्याला ती परत मिळाली असती. ज्याला आडनाव लपवायला सांगतात त्याने काय लपवायचं? बापाला, आजोबाला, गावाकडच्या घराला. आणि मुदत किती? करार अकरा महिन्यांचा, पण पुढच्या घरी पुन्हा पहिल्यापासून. मला वाटतं, यमधर्माने या खोट्याला वर दिला नसता असं नाही. मागायचीच पाळी येऊ नये असं त्याला वाटलं असतं.

मी त्या रात्री राज्यघटनेचं १५ वं कलम काढून वाचलं. त्यात दुकानं आहेत, हॉटेलं आहेत, विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते, सगळं आहे. मागच्या खोलीतली कॉट मला त्यात दिसली नाही. एखाद्याच्या घरात कोणी राहावं हे सरकारने सांगू नये, हे मलाही पटतं. माझ्याच घरात मी कोणाला ठेवावं हे कोणी सांगितलं तर मी चिडेन. पण काकू पाहुणा ठेवत नव्हत्या. साडेचार हजार रुपये घेत होत्या. पैसे घेतल्यावर घर हे घर राहतं की दुकान होतं? आमच्या प्राप्तिकराच्या फॉर्मात त्याला 'घरापासूनचे उत्पन्न' म्हणतात. तिथे भावनांचा रकाना नाही.

आमची पिढी जुन्या पुण्याचं कौतुक फार करते. तेव्हा म्हणे गरीब मुलगा वार लावून जेवत असे, आज या घरी, उद्या त्या घरी, आणि सात घरांवर शिकून मोठा होत असे. खरं आहे. पण मुलगा कोणाचा हे त्या सात घरांनी आधीच विचारून घेतलेलं असे. ज्यांना वार मिळणार नव्हते त्यांच्यासाठी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून एकेक वसतिगृह काढलं. १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघालं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्याला जे बोर्डिंग काढलं, त्यात तर सगळ्या जातींची पोरं एकत्र राहिली, एकत्र जेवली. तिथे कोणी कोणाला आडनाव विचारलं नसेल असं मी म्हणत नाही. विचारून पुढे ताटच वाढलं, एवढंच.

शेवटी जागा मिळाली ती कसब्यात. मालक एस. टी.तून निवृत्त झालेले कंडक्टर. खोली काकूंच्या खोलीच्या निम्मी, खिडकीत जास्वंदीऐवजी शेजारच्यांचा कूलर. कॉट चार हजार. आडनावाच्या वेळी मी नकळत खुर्चीवर पुढे सरकलो. मालकांनी आधार कार्ड घेतलं, करारासाठी म्हणून नाव उतरवून घेतलं आणि कार्ड परत दिलं. मी न राहवून विचारलं, "बाकी काही विचारायचं नाही?" ते म्हणाले, "आहे की. पाणी सहा ते आठच येतं. उठणार का?" दोघं हो म्हणाले. "भाडं पाच तारखेच्या आत. सहा तारीख मला चालत नाही." दोघं हो म्हणाले. मग ते जरा गंभीर झाले. "आणि एक. मी बाजूच्याच खोलीत झोपतो. तीस वर्षं रातराणीवर काढली, आता झोप हलकी आहे. घोरता का दोघं?"

भाच्याचं घोरणं सांगलीला तीन घरं ऐकतात. ताईने त्यासाठी दोन वैद्य केले आहेत. मित्राचं मला माहीत नव्हतं, पण त्याने भाच्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्यावरून पाचवीपासूनच्या सहलींचा अंदाज आला.

"नाही," दोघं एकदम म्हणाले.

मालकांनी किल्ली काढून दिली. ती मित्राने घेतली, कारण भाचा वस्तू हरवतो.